तीनदा खोललेलं ग्रिल

त्या रविवारी ग्रिल तीनदा गार पडलं आणि तीनही वेळा ग्रिलमध्ये काडीचा बिघाड नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही उगाच त्या मुक्या मशीनवर संशय घेत बसाल. बिघाड मालकाच्या पँटच्या उजव्या खिशात होता.

मालक म्हणजे रस्त्याच्या टोकाच्या खानावळीचा मालक. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, बोलायला साखर. खानावळ उभी केली ती त्याच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी. पण दारावरची पाटी बदलली त्या दिवसापासून मालक हा, आणि सगळे त्याला मालकच म्हणायचे. बायको चिडली की तीसुद्धा म्हणायची. खानावळीचा सगळा जीव मागच्या अंगणातल्या ग्रिलमध्ये होता. हे ग्रिल कोळशाचं नाही की गॅसचं नाही. भुसा दाबून केलेल्या, करंगळीच्या पेराएवढ्या लाकडी गोळ्यांवर ते चालतं. त्यांना पेलेट म्हणतात. बाजूच्या टाकीत पेलेट ओतायचे, टाकीच्या तळाशी एक लांब स्क्रू फिरत असतो तो ते पुढे ढकलतो, आणि आतल्या लोखंडी वाटीत पडून ते जळतात. पंखा वारा घालतो, सेन्सर आच मोजतो. सांगितली तेवढी आच नसली की मशीन स्क्रू जोरात फिरवतं, जास्त झाली की हळू फिरवतं. एवढंच काय ते शास्त्र.

आणि त्या शास्त्राचे जाणकार तात्या. एकतीस वर्षं त्यांनी काचेच्या कारखान्यात भट्टी सांभाळली होती. काचेची भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझू द्यायची नसते, विझली तर आतली काच थिजून भट्टीच निकामी होते. म्हणून तिथे एक रिवाज होता. ज्याच्या पाळीत भट्टी गार पडेल त्याने आपले चामड्याचे हातमोजे काढून पुढच्या माणसाच्या हातात द्यायचे आणि फाटकाबाहेर पडायचं. साहेब सांगेल याची वाट बघायची नाही, कारणं सांगायची नाहीत. तात्यांनी अशी दोन माणसं जाताना पाहिली होती. त्यांचे स्वतःचे हातमोजे मात्र निवृत्तीच्या दिवशी त्यांच्याबरोबर घरी आले, आणि तेच घालून ते आता रोज ग्रिलपुढे स्टुलावर बसायचे. वय शहात्तर, गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. कान तेवढे शाबूत होते, पण म्हाताऱ्याचे कान कोण मोजतो.

अंगणाच्या कडेला तात्यांची खोली होती. एक कॉट, एक कपाट, आणि ग्रिलकडे उघडणारी एक खिडकी. नेमकी हीच खोली मालकाच्या मेहुण्याच्या डोळ्यांत भरली. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. याचं स्वतःचं एकही काम कधी धड तडीला गेलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या कामात अक्कल वाटायला नेहमी तयार. त्याचं म्हणणं, ती खोली पाडून तिथे मांस साठवायची मोठी शीतखोली करायची, आणि तात्यांना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवायचं. मालकाला हे पटायला एक आठवडासुद्धा लागला नाही. आश्रमाचा अर्ज आणून, भरून त्याने गल्ल्याखालच्या खणात ठेवूनसुद्धा दिला.

अडचण एकच होती. दोन महिन्यांपूर्वी जेवताना मालकाने आडून आडून विषय काढला, तेव्हा तात्यांनी पानावरून मान वर न करता सांगितलं होतं, "ज्या दिवशी माझ्या हातून आग निवेल, त्या दिवशी मी आपण होऊन जाईन. तोवर त्या आश्रमाचं नाव या घरात काढायचं नाही."

सगळ्यांनी आपापली पानं उरकली. मेहुणा मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. जेवण झाल्यावर हात पुसता पुसता तो मालकाला म्हणाला, "दाजी, म्हातारा शब्दाचा पक्का आहे ना? मग शब्दच वापरा की."

कसा वापरायचा हेही त्यानेच शोधलं. नवीन ग्रिल फोनला जोडता येतं, आणि मग जगात कुठूनही बोट फिरवून आच कमी-जास्त करता येते. तात्यांकडे बटणांचा फोन. त्यांना या गोष्टीचा पत्ताच नव्हता. ग्रिलवरच्या छोट्या काचेच्या पाटीवर दोन आकडे दिसायचे. मोठा आकडा आतली आच दाखवायचा, आणि खाली बारीक आकडा, आपण किती मागितली आहे तो. तो बारीक आकडा तात्यांना चष्मा लावूनही दिसत नाही, याची मेहुण्याने आठवडाभर पाळत ठेवून खात्री करून घेतली. इतकं मन लावून त्याने आयुष्यात दुसरं काहीही केलं नव्हतं.

रविवार निवडला, कारण त्या दिवशी फुटबॉल क्लबच्या चाळीस माणसांचं दुपारचं जेवण होतं. अशा दिवशी आग निवली तर चारचौघांत निवेल, आणि चारचौघांत निवलेल्या आगीला तात्या पळवाट शोधणार नाहीत. आणि क्लबचे लोक उपाशी राहू नयेत म्हणून मेहुण्याने दुसरं मांस शनिवारीच स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये शिजवून झाकून ठेवलं होतं. म्हणजे तात्या पहाटे पाचला उठून ज्या मांसाला मीठमसाला चोळत होते ते कुणाच्याच ताटात जायचं नव्हतं. हे मालकाला माहीत होतं, आणि माहीत असूनही सात वाजता अंगणात येऊन त्याने तात्यांना विचारलं, आज जमेल ना. तात्या म्हणाले, न जमायला काय झालं.

आठ वाजता मालकाने खिशातला फोन अर्धा बाहेर काढला. आकडा एकशे वीस अंशांवरून खाली घ्यायला त्याला एक बोट पुरलं. खोटं कशाला सांगू, बोट फिरवण्याआधी त्याने एकदा तात्यांकडे पाहिलं. पण पाहिलं म्हणून बोट थांबलं नाही.

वीस मिनिटांत आच नव्वदवर आली. तात्यांनी आधी पाटीकडे पाहिलं नाही, मान कलती केली आणि टाकीच्या बाजूला कान लावला. बराच वेळ ते तसेच होते. मग स्टुलावरून उठले, टाकीचं झाकण उघडलं आणि पेलेट हातात घेऊन मोडून पाहू लागले. ओल धरली असेल तर पेलेट मऊ तुटतो, कोरडा असेल तर कट्‌कन मोडतो. कट्‌कन मोडला. मग त्यांनी काठी घालून टाकीतला ढीग हलवला, कारण कधी कधी वरून टाकी भरलेली दिसते आणि खाली स्क्रूवर पोकळी झालेली असते. पोकळी नव्हती. तरी त्यांनी सगळे पेलेट उपसून बादलीत काढले, चाळणीने त्यांतला भुगा चाळला आणि परत भरले. एवढं करताना दोनदा त्यांना टाकीला धरून उभं राहावं लागलं.

मालक शेजारी उभा राहून काळजी दाखवत होता. तात्या, मी करतो ना, तात्या, राहू द्या, असं तोंडाने चाललं होतं आणि हात खिशात. टाकी भरून झाल्यावर त्याने आकडा परत वर नेला. आच वर आली तसा तात्यांनी त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि ते स्टुलावर बसले. मालकाला वाटलं, म्हातारा शाबासकीची वाट बघतोय. त्याने मुद्दाम दिली नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मालकाची बायको हे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिने चहा पाठवला, आणि मालक कप परत ठेवायला आत गेला तेव्हा ती एवढंच बोलली की तात्यांचा गुडघा सुजलाय. मालक म्हणाला, आजचाच दिवस आहे. ती पुन्हा बटाटे सोलायला लागली. यात तिचाही वाटा धरायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी धरतो.

सव्वानऊला आच दुसऱ्यांदा उतरली. या वेळी तात्यांनी ग्रिल बंद केलं. अर्धवट शिजलेलं मांस कागदात आणि वर जाड टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्यात ठेवलं, म्हणजे ते तासभर तरी गरम राहतं. तापलेल्या जाळ्या उचलून भिंतीला लावल्या, खालचा पत्रा काढला, आणि गुडघ्यांवर बसून वाटीतली राख व्हॅक्युमच्या नळीने ओढून घेतली. राख साचली तर वारा कोंडतो आणि आच धरत नाही, हे बरोबर आहे, फक्त वाटीत राख चिमूटभरसुद्धा नव्हती. तात्या रोज साफ करायचे. मग सेन्सरची बोटभर दांडी ओल्या फडक्याने पुसली. तिच्यावर काजळी चढली की ती खोटं सांगते. ती खोटं सांगत नव्हती. त्या अंगणात खरं सांगणारी तेवढी एकच वस्तू होती.

मेहुणा दाराआडून हे सगळं फोनवर चित्रित करत होता. तात्या गुडघ्यांवरून उठायला गेले, एकदा बसले, दुसऱ्यांदा बसले, तेव्हा तो तोंडावर हात दाबून हसला. मालकाला ते दिसलं. त्याने मेहुण्याला गप्प केलं नाही. उलट त्याच्याही ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि मग चेहरा ओढून तो तात्यांवरच चढ्या आवाजात बोलला. चाळीस माणसं यायची आहेत, तुम्हाला झेपत नसेल तर तसं सांगा, लोकांसमोर तोंड मला दाखवायचंय. क्लबचे दोघे लवकर आलेले, ते बाकावर बसून ऐकत होते. ग्रिलकडे तोंड, सगळ्यांकडे पाठ, असे तात्या वाकले, शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढली आणि वाटीतले पेलेट पेटवले.

या काडेपेटीबद्दल आत्ताच सांगतो. खरं तर या ग्रिलला काडी लागतच नाही. वाटीच्या खाली एक सळई असते, ग्रिल चालू केलं की ती लाल होते आणि पेलेट पेटवते. ती सळई दोन महिन्यांपूर्वीच मेली होती. नवी आणा असं तात्या म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. पहाटे पाचला अंगणात कोणी नसताना आपल्या हाताने काडी ओढून आग पेटवायची, हे त्यांना काचेच्या कारखान्यापासून आवडायचं, आणि आता दिवसभरात त्यांच्या मालकीचं म्हणून तेवढंच उरलं होतं. मालक आठच्या आधी कधी अंगणात आलाच नव्हता. त्याच्या समजुतीने ग्रिल आपोआप पेटत होतं. आत्तासुद्धा तात्यांच्या पाठीमागे उभा असून त्याला काडी दिसली नाही, कारण तो फोन बघत होता.

साडेदहाला तिसऱ्यांदा. आता अंगणात बारा-पंधरा माणसं जमली होती आणि प्रत्येकाला ग्रिलबद्दल काही ना काही माहीत होतं. तात्यांनी कुणाचं ऐकलं, कुणाचं नाही. वर्तमानपत्राची पट्टी फाडून ती झाकणात धरली आणि झाकण मिटून ओढून पाहिली. सैल निघाली असती तर झाकणातून आच निसटत होती असं झालं असतं. घट्ट होती. कडेने चारी बाजूंना त्यांनी ती पट्टी लावून पाहिली. मग ग्रिल बंद केलं, मांस पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळलं, टाकी उपसली आणि मशीन आडवं करून खालचा पंखा खोलला, पाती हाताने फिरवली, त्यांत अडकलेला एक केस चिमट्याने काढला. पत्र्याची धार लागून अंगठा कापला, तो त्यांनी तोंडात धरला आणि दुसऱ्या हाताने स्क्रू आवळले. परत उभं केलं, टाकी भरली, परत पेटवलं. आच पंच्याऐंशीवर अडली. या वेळी मालकाने आकडा परत वर नेलाच नव्हता.

तात्यांनी टाकीला पुन्हा कान लावला.

"स्क्रू हळू फिरतोय," तात्या म्हणाले.

"म्हणजे काय?" मालकाने विचारलं.

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या उजव्या हाताकडे. हात खिशात होता. "काही नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी हातमोजे काढले. आधी उजवा, मग डावा. एकावर एक ठेवून, राख झटकून, दोन्ही हातांनी ते मालकापुढे धरले. हे काय चाललंय ते क्लबच्या लोकांना कळलं नाही, पण मालकाला कळलं. लहानपणापासून त्याने ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. ज्या क्षणासाठी त्याने दोन महिने मनात मांडे खाल्ले होते तो क्षण समोर आला होता, आणि आता त्याला ते मोजे घ्यायला हात पुढे करवेना. तात्या धरून उभे होते. मेहुण्याने मागून त्याच्या पाठीला हळूच ढोसलं, तेव्हा कुठे त्याने ते घेतले. आत तात्यांच्या हाताची ऊब होती.

क्लबचं जेवण वेळेवर झालं. ओव्हनमधलं मांस सगळ्यांनी चाटून पुसून खाल्लं. तात्यांनी टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेलं मांस मेहुण्याने मागच्या कचऱ्याच्या पिंपात ओतलं, आणि ओतताना एक तुकडा तोंडात टाकून तो म्हणाला, अरेच्चा, हे बरं झालं होतं की.

तात्यांना आवरायला वेळ लागला नाही. एक पिशवी भरली. मालकाने वाटेत गाडीत दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला. वय झालं की होतंच असं, यात कुणाचा दोष नाही, आम्ही दर रविवारी येऊ. साखर पेरणं सुरूच होतं. तात्या खिडकीबाहेर बघत होते. आश्रमाच्या कचेरीत टेबलामागे एक बाई बसली होती, तिने अर्ज मागितला, आणि मालकाने खिशातून घडी काढून दिली. अर्जावरची तारीख महिन्यापूर्वीची होती. तात्यांना ती दिसली नसेल, पण बाईनेच मोठ्याने वाचली.

मग तिने नियम सांगितले. आत शेगडी चालणार नाही, मेणबत्ती नाही, लायटर नाही, काडेपेटी नाही. खिसे रिकामे करा म्हणाली. तात्यांनी शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढून टेबलावर ठेवली. बाई ती खणात टाकायला लागली, तेव्हा तात्या बोलले. त्या दुपारपासून तोंडातून निघालेलं ते पहिलं वाक्य.

"ती याला द्या. याला लागेल."

मालकाने काडेपेटी घेतली. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं आजच फिरायला लागलं. गाडीत बसल्यावर त्याने ती पुढच्या खणात टाकली आणि विसरून गेला.

सोमवारी सकाळी अंगणात दोन सुतार आले आणि तात्यांच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढायला लागले. मेहुणा त्यांच्या डोक्यावर उभा. मालक आज पहिल्यांदा स्टुलावर बसला. मोजे शेजारी ठेवले, टाकी भरली, मांस मांडलं, फोन काढला आणि थाटात बोट फिरवून एकशे वीस मागितले. पंखा सुरू झाला. स्क्रू फिरायला लागला, जोरात. पाटीवर आकडा चोवीस. दहा मिनिटांनी चोवीस. वीस मिनिटांनी मशीनने एक शिट्टी मारली आणि ते बंद पडलं.

त्याने पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. मेहुण्याला हाक मारली, तर मेहुण्याने येऊन पाटीवर दोन चापट्या मारल्या, म्हणाला, दाजी, मशीनचं आपल्याला काही कळत नाही बुवा, आणि काखा वर करून सुतारांकडे परत गेला. दहा वाजले. साडेअकरापासून रोजची गिऱ्हाइकं यायची, आणि आज ओव्हनमध्ये झाकून ठेवलेलं काहीही नव्हतं. मालकाने नाक मुठीत धरून आश्रमात फोन लावला. तात्यांना बोलवायला बराच वेळ गेला. त्यांच्या चपलांचा आवाज त्याला लांबून ऐकू आला.

ग्रिल तापत नाही, तो म्हणाला. काय करू?

"स्क्रू कसा फिरतोय? कान लाव."

मालकाने टाकीला कान लावला. "जोरात."

"मग खरंच बिघाड आहे," तात्या म्हणाले. "बिघाड असला की मशीन जीव तोडून पेलेट ढकलतं. काल आच उतरत होती आणि स्क्रू हळू फिरत होता. म्हणजे त्याला कोणीतरी कमी मागत होतं. कसं मागत होतं ते मला माहीत नाही. कोण, ते माहीत आहे."

मागे सुतारांनी खोलीची चौकट भिंतीतून उपटली, तिचा आवाज फोनमधून पलीकडे नक्की गेला असणार. "तात्या, कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच वेळी."

"मग बोलला का नाहीत?"

"बघत होतो, किती वेळा करतोस."

मालकाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण त्याला गिऱ्हाइकं आठवत होती. घड्याळात सव्वादहा झाले होते. तो म्हणाला, तात्या, चुकलो, पण आत्ता काय करू तेवढं सांगा. आणि तात्यांनी सांगितलं. एकाही शब्दाला आवाज न चढवता, भट्टीवर नवीन माणसाला शिकवावं तसं सांगितलं. वाटी आधी रिकामी कर, पेलेट साचलेत, तशीच पेटली तर तोंडावर भडका येईल, तेवढं तरी नीट ऐक. मग टाकी उपस. भुगा चाळ. जाळ्या काढ, पत्रा काढ, राख ओढून घे. सेन्सर पूस. झाकणात कागदाची पट्टी धरून बघ. मशीन आडवं करून पंखा खोल. सगळं परत लाव. चालू कर.

सळईचं नाव त्यांनी घेतलं नाही.

मालक गुडघ्यांवर बसला. तासभर तो उपसत, चाळत, पुसत, खोलत, आवळत राहिला. शर्ट पाठीला चिकटला, नाकातोंडात राख गेली, बोटं पत्र्याला कापली. तात्यांचे मोजे त्याने एकदा घालून पाहिले, ते त्याला होत नव्हते. बायको खिडकीतून बघत होती आणि बटाटे सोलत होती. मेहुण्याला एवढ्यात सुतारकामाचा कंटाळा आला होता. मालक जमिनीवर एका कुशीवर झोपून पंख्याचा स्क्रू शोधत होता तेव्हा त्याला कुणीतरी हसल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने मान वळवली. मेहुणा दारात फोन धरून उभा होता.

सव्वाअकराला त्याने ग्रिल उभं केलं आणि चालू केलं. पंखा, स्क्रू, चोवीस. काडेपेटी वीस पावलांवर गाडीच्या खणात होती.

त्याने परत आश्रमात फोन लावला. या वेळी टेबलामागच्या त्या बाईने उचलला. तुमचे वडील जेवायला बसलेत, ती म्हणाली, मध्ये उठायचं नाही असा इथला नियम आहे. मालकाने गयावया केली. एक मिनिट, फक्त एक मिनिट. बाई म्हणाली, थांबा, त्यांनी तुमच्यासाठी निरोप ठेवलाय, मी लिहून घेतलाय. कागद उलटसुलट केल्याचा आवाज आला.

"मुलाचा फोन आला तर विचारा म्हणालेत, तीनदा केलं का?"

बाईने फोन ठेवून दिला. फाटकाशी पहिली दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. मालकाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. टाकीचं झाकण उघडून त्याने पुन्हा पहिल्यापासून पेलेट बादलीत काढायला सुरुवात केली.